पटाईताचा ताळेबंद

"ताई, माझा टर्न आला की हाक मार, तोवर मी चहा टाकतो."

माझा मावसभाऊ असं म्हणाला तेव्हा आमच्या डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ) टेबलावर दिवसातली दुसरी लढाई चालू होती. तो मंक, म्हणजे काठी-ठोशांनी लढणारा भिक्षू, खेळत होता, लेव्हल पाच. पहिल्या लढाईत पहिल्याच राउंडला त्याने पाचपैकी एक की पॉइंट (मंकची खर्चायची शक्ती) जादा ठोशांवर घातला आणि उरलेले चार, प्रत्येक फटक्याला एक याप्रमाणे, समोरच्या ओगर राक्षसाला सुन्न करायला. ओगरने तीन सेव्ह (परिणाम टाळायचा फासा) मारले, चौथा हुकला. पुढे पॅलाडिनने (धर्मयोद्धा) त्या सुन्न ओगरची खांडोळी केली आणि टाळ्या त्याला पडल्या. दुसऱ्या लढाईत मंककडे काठीचे दोन वार आणि एक ठोसा, एवढंच उरलं. मग माणूस चहाच टाकणार.

मी अकाउंट्समध्ये नोकरी करते. ताळा जुळला नाही की मला झोप लागत नाही. त्या रात्री मीही तेच केलं जे नव्वद टक्के डीएम (खेळ चालवणारे) करतात: मंकच्या ठोशाचा फासा डी६ (सहा बाजूंचा) वरून डी८ केला. पुढच्या दोन रविवारी काडीचा फरक पडला नाही. कारण मी चुकीच्या खात्यात एंट्री मारली होती. हाताने लढणारा क्लास (पात्राचा प्रकार) कसा तोलायचा याबद्दल त्यातून जे शिकले ते लिहिते, आणि पुढे मी स्वतः रचलेल्या 'पटाईत' या क्लासबद्दलही. आकडे २०१४ च्या नियमांचे आहेत, आमचं टेबल अजून त्यावरच चालतं. २०२४ मध्ये जे बदललं ते जागच्या जागी सांगेन.

आधी एका राउंडचा हिशोब. पाचव्या लेव्हलला हातात डेक्स्टेरिटीचे (चपळाई) +४ आणि प्रोफिशिअन्सीचे (सराव) +३, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर +७. समोरच्याचा एसी (वार लागायला गाठायचा आकडा) १५ धरा. आठ किंवा जास्त पडलं की लागलं, म्हणजे वीसपैकी तेरा वेळा, ६५ टक्के. दोन्ही हातांनी धरलेली काठी १डी८+४, सरासरी ८.५. ठोसा १डी६+४, सरासरी ७.५. दोन काठ्या आणि एक ठोसा मिळून २४.५, त्याचे ६५ टक्के साधारण १६. एक की घातला तर अजून एक ठोसा, म्हणजे जवळपास २१. (क्रिटिकल मी धरत नाही, सगळ्यांनाच सारखे पडतात.) शेजारी फायटर, दोन हाती तलवार, त्याला साजेशी फायटिंग स्टाइल: एका वाराला सरासरी १२.३, दोन वार, ६५ टक्के, पुन्हा १६च.

म्हणजे राउंडच्या पातळीवर पाचव्या लेव्हलला मंक मुळीच कमजोर नाही. मग चहा का?

आता दिवसाचा हिशोब करा. त्या रविवारी दिवसभरात दोन लढाया होत्या आणि मध्ये शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) एकही नाही. खरं सांगायचं तर आमच्याकडे बहुतेक रविवारी तसंच असतं. चार तासांत, समोसे धरून, दोनच लढाया बसतात. पॅलाडिनकडे पाचव्या लेव्हलला पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (मंत्रांचा साठा). सगळे स्माइटवर (वाराला जोडायचा दैवी तडाखा) उडवले तर चार वेळा २डी८ आणि दोन वेळा ३डी८, सरासरी ६३ जादा डॅमेज. शिवाय स्माइट वार लागल्यावर जाहीर करायचा असतो, त्यामुळे त्यातलं काही वाया जात नाही. मंककडे पाच की. एका कीमागे एक जादा ठोसा, त्याची खरी किंमत ७.५ चे ६५ टक्के, म्हणजे पाचाला थोडं कमीच. पाच की, २४ डॅमेज.

६३ विरुद्ध २४. इथे डी६ चा डी८ करून काय होणार होतं? ठोशामागे एक.

पण २०१४ चं डीएमचं पुस्तक दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण लढाया आणि साधारण दोन शॉर्ट रेस्ट गृहीत धरतं. की पॉइंट शॉर्ट रेस्टला परत भरतात, पॅलाडिनचे स्लॉट रात्रीच्या झोपेनंतरच. दोन शॉर्ट रेस्ट दिले की मंकचे पाचाचे पंधरा की होतात, आणि पंधरा की म्हणजे ७३. पॅलाडिन तिथेच, ६३ वर. क्लास तेच, फासे तेच, फक्त दिवस लांबला आणि पारडं फिरलं.

त्यामुळे हाताने लढणारा कुठलाही क्लास, पुस्तकातला असो की तुम्ही रचलेला, हातात घेतला की पहिलं काम: गेल्या चार-पाच सेशनमध्ये किती लढाया झाल्या आणि किती शॉर्ट रेस्ट झाले ते वहीत लिहून काढा. आठवणीवर जाऊ नका. मी "आमच्याकडे रेस्ट होतात की" असं छातीठोक म्हणायचे. वही उघडली तर पाच सेशनमध्ये दोन निघाले.

मी तीन गोष्टी करून बघितल्या. तासाभराचा शॉर्ट रेस्ट दहा मिनिटांवर आणला, पण दिवसाला दोनच. याने सगळ्यात जास्त फरक पडला. तळघरात तासभर बसायचं म्हटलं की पार्टीला भीती वाटते, दहा मिनिटं कुणीही बसतं. दुसरं, एक "दिवस" दोन रविवारांवर पसरवला. पॅलाडिनवाला कुरकुरला, पण स्लॉट राखून खेळायला लागला. तिसरं, की पॉइंट तिप्पट करून रेस्टवर काढूनच टाकले. हे सपशेल फसलं. पंधरा की एकदम हातात आल्यावर मावसभाऊ प्रत्येक फटक्याला सुन्न करायचा प्रयत्न करू लागला आणि माझे खलनायक खांबासारखे उभे राहायला लागले.

सुन्न करण्याचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण या क्लासचं सगळ्यात अवघड कलम तेच आहे. सेव्हचा आकडा ८ अधिक प्रोफिशिअन्सी ३ अधिक विझडम ३, म्हणजे १४. ओगरची कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १६, म्हणजे फाशावर +३. त्याला फाशावर ११ लागतात, सरळ पन्नास-पन्नास. एक प्रयत्न केला तर पन्नास टक्के. दोन केले तर ७५. चार केले तर ९४ च्या आसपास. वाचताना "अर्धी शक्यता आहे, ठीकच आहे" वाटणारी गोष्ट एका राउंडमध्ये जवळपास खात्रीची होते. आणि सुन्न झालेला शत्रू आपला टर्न घालवतोच, वर सगळ्यांना त्याच्यावर ॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा घ्यायचा) मिळतो. म्हणजे एकतर मंकने लढाई संपवली, नाहीतर सगळे पॉइंट मातीत. मधलं काही नाही.

२०२४ च्या पुस्तकाने यावर चांगला तोडगा काढला: टर्नला एकच प्रयत्न, आणि शत्रूने सेव्ह मारला तरी त्याचा वेग निम्मा होतो व त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज मिळतो. मी हा नियम उचलून २०१४ च्या टेबलावर तसाच लावला. मावसभाऊ आधी फुगला. दोन सेशननंतर त्याच्याच लक्षात आलं की आता त्याचे पॉइंट तिसऱ्या राउंडपर्यंत पुरतात.

आता पटाईत. मी मूळची कोल्हापूरची. शिवजयंतीला मर्दानी खेळ बघत वाढले, त्यामुळे माझ्या जगात झेन मठातला भिक्षू किती दिवस चालणार? दांडपट्ट्यावर एक क्लास रचला. 'पटाईत' हा शब्द आपण "गप्पा मारण्यात पटाईत" असा वापरतो, पण मुळात तो पट्टा चालवणाराच.

पहिला मसुदा भावनेच्या भरात लिहिला. एक पॉइंट खर्च करा, गिरकी घ्या, आजूबाजूच्या पाच फुटांतल्या प्रत्येकावर वार. चौकटींच्या नकाशावर आजूबाजूला आठ घरं असतात. गॉब्लिनचे एचपी (जीव) ७. पट्टा १डी८+४, म्हणजे सरासरी ८.५. पाच गॉब्लिन वेढा घालून उभे होते, एका टर्नला चार आडवे. फायरबॉल हातात धरून बसलेली आमची विझर्ड माझ्याकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात समोर एकटाच ट्रोल होता, आणि पटाईत त्याच्याभोवती गिरक्या घेत काही न करता दमला. शत्रू किती आहेत एवढ्यावर क्लासची किंमत ठरत असेल तर तो क्लास डीएम चालवतो, खेळाडू नाही.

मग मी खऱ्या पट्ट्याकडे परत गेले. लहानपणी शेजारच्या काकांनी एकदा तो माझ्या हातात चढवला होता. हात खोबळ्यात आत जातो, आडवी मूठ धरायची, लोखंड पार कोपराकडे येतं. मनगट वळतच नाही. त्यामुळे वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगाच्या फेऱ्यातून काढावा लागतो. मी जोरात फिरवला आणि पातं लवून भलतीकडेच गेलं. काकांनी माझा दंड धरला म्हणून तुळशीचं रोप वाचलं. त्या हाताने दुसरं काही म्हणजे काहीच करता येत नाही, हा तेव्हाचा अनुभव मी थेट नियमात आणला.

दुसरा मसुदा असा. पट्टा चढवलेला हात बंद: दोर पकडणं, दार उघडणं, कुणाला ओढून घेणं, काही नाही. चढवायला किंवा उतरवायला एक ॲक्शन. बोनस ॲक्शनला (टर्नमधली जादा छोटी कृती) एक पॉइंट देऊन 'फेरा': प्रोफिशिअन्सीएवढ्या, म्हणजे पाचव्या लेव्हलला तीन, वेगवेगळ्या शत्रूंवर एकेक वार, पण त्यात डेक्स्टेरिटी मिळवायची नाही. तीन वेळा नुसता डी८, वेध लागण्याआधी १३.५. मंकचे त्याच बोनस ॲक्शनचे दोन ठोसे (एक फुकटचा, एक पॉइंटचा) १५ होतात. मुद्दाम दीड कमी ठेवलं, कारण गर्दीत तीन जणांना इजा करणं हे एकाला करण्यापेक्षा बऱ्याचदा जास्त कामाचं असतं. आणि शत्रू एकटा असेल तर तोच पॉइंट 'रोखणं'साठी: त्याने पुढच्या टर्नपर्यंत पटाईतापासून दूर जायचा प्रयत्न केला तर संधीचा वार ॲडव्हान्टेजने. ट्रोलसमोर आता त्याला काम आहे.

तपासायला मी तीन लढाया नेहमी त्याच वापरते: एक दांडगा शत्रू, आठ किरकोळ शत्रू, आणि एक पाठलाग जिथे मारण्यापेक्षा पोचणं महत्त्वाचं. प्रत्येकी चार राउंड. एकटीच फासे टाकते, रात्री जेवण झाल्यावर. डॅमेजच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना ठेवते: या टर्नमुळे समोरच्याला काही वेगळं करावं लागलं का, हो किंवा नाही. चारपैकी दोन "नाही" आले की क्लासमध्ये खोट आहे, डॅमेज कितीही दिसो. माझ्या अनुभवात चहा टाकायला उठणारे खेळाडू याच रकान्यात आधी दिसतात.

दोन गोष्टी बहुतेक डीएम विसरतात. एक, खजिना. फायटरला जादूची +१ तलवार मिळते, मंकच्या मुठीला काय? २०१४ च्या नियमांत सहाव्या लेव्हलपासून ठोसे जादुई मानले जातात, पण +१ मिळत नाही. मी चांदीचं कडं ठेवलं, घालणाऱ्याच्या ठोशाला +१. दुसरं, अंग. पाचव्या लेव्हलला दोघांची कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर सरासरीने मंकचे एचपी ३८, फायटरचे ४४. मंकने मारून मागे सरकायचं हे ठीक, पण २०१४ मध्ये सुरक्षित मागे सरकायला पुन्हा की लागतो आणि त्या टर्नला जादा ठोसा जातो. २०२४ ने हे बोनस ॲक्शनला फुकट केलं. तेही मी उचललंय. (तरी १९७८ च्या ॲडव्हान्स्ड आवृत्तीतल्या मंकला डी४ चे एचपी होते आणि वरच्या लेव्हल मिळवायला ती पदवी धारण करणाऱ्या मंकला हरवावं लागायचं. तालमीतलं वातावरण अगदी.)

माझं अडतंय ते अकराव्या लेव्हलला. एसी १७, सगळ्यांना +९, म्हणजे पुन्हा ६५ टक्के. फायटरला तिसरा वार मिळतो: एकही पॉइंट न खर्चता राउंडला २६. मंक प्रत्येक राउंडला की जाळून २४.७, न जाळता १८.५. २०२४ ने फासा डी१० आणि जादा ठोसे तीन केले, त्याने आकडा ३४ वर जातो, जो मला माझ्या फायटरसमोर जरा जास्तच वाटतो. सध्या फासा डी१० आणि ठोसे दोनच ठेवलेत: २७, की जाळून. पटाईत आठव्या लेव्हलला आलाय, मावसभावाला यातलं काही सांगितलेलं नाही, आणि तीन लढायांची चाचणी येत्या शनिवारी रात्री.