जहाज सुटतं तिथून मागे मोजत या

रेल्वेच्या नागपूर मंडळात मी बावीस वर्षं सेक्शन कंट्रोलर होतो. कॉम्प्युटर यायच्या आधी आमच्या टेबलावर चादरीएवढा चार्ट पसरलेला असायचा. आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची रंगीत पेन्सिलीने ओढलेली तिरकी रेघ. कुठली गाडी कुठे, कोणासाठी अडणार ते त्या रेघांवरून आधीच कळायचं. निवृत्तीनंतर क्रूझला जायचं ठरलं तेव्हा मी सीताबर्डीहून ग्राफ पेपर घेऊन आलो. बायको म्हणाली, "काऊन जी, आता जहाजही तुम्हीच चालवणार का?"

चालवायचं नव्हतं, पण चुकवायचंही नव्हतं. क्रूझमध्ये जहाज सकाळी बंदराला लागतं, आपण उतरून गाव पाहायचं आणि संध्याकाळी परत चढायचं. याला शोअर एक्सकर्शन म्हणतात. आठ-दहा तास हातात असतात, आणि आम्हाला पाहायच्या होत्या अडीच हजार वर्षांच्या गोष्टी. आम्ही चौघं होतो: मी, बायको, तिची मोठी बहीण (आमच्या ताई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे) आणि अजनीच्या रेल्वे कॉलनीतले जुने शेजारी. हे लोको पायलट म्हणून निवृत्त झालेले, ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणारे. सप्टेंबरात अथेन्सच्या पिरेयस बंदरातून निघायचं, मग तुर्कस्तानातलं इस्तंबूल आणि कुशादासी, ग्रीसची पॅटमॉस आणि सँटोरिनी ही बेटं, आणि शेवटी रोम.

पहिलं काम नकाशा उघडण्याचं. जहाजाच्या पत्रकात 'रोम' छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिविताव्हेक्याला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. नागपूरचं तिकीट काढलं आणि वर्ध्याला उतरवलं, असा प्रकार. पिरेयस मात्र अथेन्सला चिकटलेलं आहे, मेट्रोने जाता येतं. इस्तंबूलचं गलातापोर्ट तर ऐन शहरात. बाहेर पडून ट्राम धरली की सुलतानअहमत, म्हणजे आया सोफिया आणि निळी मशीद. बंदराचं गाव आणि पाहायचं गाव यांच्यातलं अंतर प्रत्येक दिवसापुढे लिहून काढा. अर्धे बेत इथेच गळतात, आणि गळलेले बरे.

दुसरं काम वार पाहण्याचं. जहाज कोणत्या तारखेला कुठे आहे ते तुमच्या हातात नसतं, त्यामुळे बंदचा दिवस आधी शोधावा लागतो. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, मोठा बाजार रविवारी बंद (ताईंना याचंच जास्त वाईट वाटलं). निळ्या मशिदीत पाचही नमाजांच्या वेळी पर्यटकांना थांबवतात, आणि शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत तिकडे फिरकू नये. व्हॅटिकनचं संग्रहालय, ज्यात सिस्टीन चॅपेल आहे, ते महिन्याचा शेवटचा रविवार सोडून इतर रविवारी बंद. बुधवारी सकाळी पोप चौकात लोकांना भेटतात, तेव्हा तिथल्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये शिरण्याच्या आशेने जाऊ नये. आया सोफियाचं तर सगळंच बदललं आहे. सन ५३७ ची ही इमारत चर्च होती, १४५३ नंतर मशीद झाली, विसाव्या शतकात संग्रहालय, आणि २०२० पासून पुन्हा मशीद. २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना २५ युरो घेऊन वरच्या सज्जातून पाहू देतात. जुनी माहिती वाचून "फुकट आहे, खालून फिरता येतं" म्हणत जाल तर दारात वाद घालत बसाल.

मग घरच्यांना बसवून विचारा. आम्ही आमच्या ओट्यावर तर्री पोहे खात विचारलं. प्रत्येकाने एकच जागा सांगायची, जी राहिली तर परत आल्यावर महिनाभर चुटपूट लागेल. बायकोने आया सोफिया सांगितली. ताई म्हणाल्या, पांढऱ्या घरांचं ते निळ्या घुमटांचं बेट, म्हणजे सँटोरिनी. मी कुशादासीजवळचं एफेसस म्हणालो, एका प्राचीन शहराचे अवशेष. शेजारी बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, मला दोन पाहिजेत. मेरीमातेचं घर आणि पॅटमॉसची गुहा." त्यांना दोन दिल्या. भक्तीने मागणाऱ्याला आधी द्यावं. पडकं खांबकाम पाहणाऱ्याला एक खांब कमी दिसला तरी चालतं.

आता चार्ट. कुशादासीचा सविस्तर सांगतो, बाकीचे त्याच वळणाने काढा.

जहाज सकाळी ७ ला लागणार, संध्याकाळी ६ ला सुटणार. पण सहा ही आपली वेळ नाहीच. 'ऑल अबोर्ड', म्हणजे सगळे चढून झालेले असण्याची वेळ, साडेपाच. ती आदल्या रात्री खोलीत येणाऱ्या कागदावर छापलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा. त्यातून मी आणखी दीड तास वजा केला. म्हणजे चार वाजता आम्ही बंदराच्या फाटकाशी. दीड तास ऐकून बायको हसली. पण रेल्वेच्या टाइमटेबलातही शेवटच्या एक-दोन स्टेशनांच्या मध्ये जास्तीची मिनिटं पेरलेली असतात. रखडलेली गाडी शेवटी वेळेवर पोचते ती त्याच जोरावर. ही मिनिटं दिवसभरात वाटू नका, शेवटीच ठेवा.

चारपासून मागे यायचं. एफेससजवळचं गाव सेल्चुक, तिथून बंदर साधारण वीस किलोमीटर, म्हणजे साडेतीनला सेल्चुक सोडायचं. त्याआधी तिथे जेवण, सेंट जॉनची पडकी बॅसिलिका आणि तिच्या पायथ्याची १३७५ ची इसा बे मशीद. त्याआधी एफेससचे अवशेष, अडीच तास. त्याआधी मेरीमातेचं घर, पाऊण तास. सकाळी जहाज ७ ला लागलं तरी उतरायला परवानगी मिळून रांग सरकेपर्यंत पावणेआठ होतात. रेघा जुळल्या. एक जागा जरी वाढवली असती तरी गाड्या एकमेकींवर आल्या असत्या.

क्रमामागेही कारण आहे. मेरीमातेचं घर डोंगरावर आहे आणि मोठ्या बसगाड्या उशिरा पोचतात. आम्ही नऊच्या आत होतो. छोटंसं दगडी घर, आत फोटो काढायला मनाई, बाहेर झऱ्याचं पाणी आणि नवसाच्या चिठ्ठ्यांनी भरलेली भिंत. १९६७, १९७९ आणि २००६ मध्ये तीन पोप इथे येऊन गेले. पण आमच्या पुढे डोक्यावरून ओढणी घेतलेल्या तुर्की बायकाच जास्त होत्या. मुसलमानांनाही मरियम पूज्य. ताजबागेच्या दर्ग्यापाशी वाढलेल्या नागपूरकराला हे समजावून सांगावं लागत नाही. शेजारी आत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. चार्टवर पाऊण तास होता, मी घड्याळ पाहिलं आणि खिशात हात घातला.

एफेससला दोन दारं आहेत. वरच्या दाराने शिरा आणि खालच्या दाराने निघा, म्हणजे सगळा उतार. गाडीवाल्याला खाली थांबायला सांगायचं. ताईंचे गुडघे या एका गोष्टीवर तरले. रस्ता संगमरवरी, शतकानुशतकं पाय लागून गुळगुळीत झालेला. चपला नकोत, रबरी तळाचे बूट घाला. वाटेत सावली नाही. सेल्ससचं ग्रंथालय लागलं की सगळे तिथेच फोटोंसाठी अडकतात. ते ग्रंथालय म्हणजे मुलाने बापाच्या आठवणीत बांधलेली वास्तू आहे, आणि बापाची कबर तिच्या खालीच आहे, हे आधी माहीत असेल तर दगड वेगळे दिसतात.

त्यासाठी निघण्याआधी प्रत्येक जागेची एक गोष्ट वाचून जा. एकच, दहा नको. एफेससची मी बायबलातून घेतली. तिथे त्याचं नाव इफिस. आर्टेमिस देवीच्या चांदीच्या प्रतिकृती करणारे सोनार येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलावर चिडले, कारण हाताने घडवलेले ते देव नव्हेत असं तो सांगत सुटला होता आणि धंदा बसायची वेळ आली होती. इतवारीच्या सराफ्यात कोणी असं भाषण केलं तर काय होईल, तेच झालं. जमाव नाट्यगृहात घुसला आणि दोन तास देवीच्या नावाचा गजर करत राहिला. हे नाट्यगृह सुमारे पंचवीस हजार माणसांचं आहे. त्याच्या पायरीवर बसून शेजाऱ्यांनी हा उतारा मराठीतून मोठ्याने वाचला. समोर सरळ रस्ता जातो, तो जुन्या बंदराचा. नदीच्या गाळाने समुद्र मागे हटला आणि बंदर बुजलं. पौलाच्या काळात जहाज इथपर्यंत यायचं. आमचं वीस किलोमीटरवर उभं होतं. देवीचं देऊळ प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. आज दलदलीत रचून उभा केलेला एक खांब आहे, वर करकोच्याचं घरटं. पाच मिनिटं द्या.

आणि मग दीड तासाचा हिशेब वसूल झाला. जेवण झाल्यावर गाडीवाला म्हणाला, पाच मिनिटं चहा पिऊ. चहा गालिच्यांच्या दुकानात निघाला. सफरचंदाचा चहा आला, गालिचे उलगडले, दार कुठे ते दिसेना. पन्नास मिनिटं गेली. बंदराच्या फाटकाशी आम्ही चारच्या जागी पाच वाजायला दहा मिनिटं असताना पोचलो. गाडी ठरवतानाच "दुकान नाही" असं लिहून घ्या आणि पूर्ण पैसे बंदरावर परत आल्यावरच द्या.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतःची गाडी करावी, याला मी एकच कसोटी लावतो. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदराला पोचवण्याची जबाबदारी त्यांची. तुमची गाडी अडकली तर जहाज जातं आणि पुढच्या बंदराचं विमान तुमच्या खर्चाने. म्हणून बंदर लांब असेल तर पैसे जास्त देऊन जहाजाची सहल घ्या. बंदर जवळ असेल तर चौघांत गाडी करा, स्वस्त पडते आणि चाळीस जणांमागे गाइडची छत्री पाहत धावावं लागत नाही. रोमला एका दिवसात आगगाडीनेही जाता येतं. चिविताव्हेक्याहून रोम सान पिएत्रो स्टेशन, तिथून सेंट पीटर्स दहा-पंधरा मिनिटं चालत. पण इटलीत रेल्वेचे संप होतात आणि ते आधी जाहीर झालेले असतात, तेवढी तारीख तपासा. संपाचं मी जास्त बोलू नये. आमचा प्रवास तिथेच संपत असल्याने आम्ही दोन दिवस रोममध्ये राहिलो आणि घड्याळ बाजूला ठेवलं.

घड्याळाबद्दल एक. इटली ग्रीसच्या एक तास मागे आहे. मोबाइल आपोआप किनाऱ्यावरची वेळ घेतो, जहाजाची वेळ कधी वेगळी असते. मनगटावरच्या एचएमटीला मी जहाजाची वेळ लावली आणि मोबाइलकडे वेळेसाठी पाहिलंच नाही.

कपड्यांचं सोपं आहे. सेंट पीटर्सला खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मशिदीत बायकांचं डोकंही. नागपुरात दुचाकीवर निघताना पोरी जो भलामोठा स्कार्फ बांधतात तो घ्या, सगळीकडे चालतो. मशिदीत बूट काढावे लागतात, जास्तीचे मोजे ठेवा. उन्हाचं आपल्याला काय सांगायचं, पण रामटेकला आपण मे महिन्यात दुपारी चढत नाही, मग अथेन्सच्या टेकडीवरच्या ॲक्रोपोलिसला का चढायचं? त्याचं तिकीट वेळेच्या पाळीने मिळतं. सकाळची पहिली पाळी घ्या. २०२३ च्या जुलैत उष्णतेच्या लाटेत ते दुपारी बंदच ठेवत होते. जहाजावरची फळं, सँडविच बऱ्याच बंदरांवर उतरवू देत नाहीत. ताईंनी सवयीने पर्समध्ये उन्हासाठी कांदा ठेवला होता, तो खोलीतच राहिला. बंद पाकिटातले चिवडा-चकली घ्या.

व्हिसाचं एकच सांगतो, कारण इथे फसलेले पाहिले आहेत. ग्रीसहून निघून तुर्कस्तानला गेलात आणि परत ग्रीसच्या बेटावर आलात, तर शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, दुसऱ्यांदा शिरलात. एका प्रवेशाचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. अनेक प्रवेशांचा मागा, आणि अर्जासोबत जहाजाचा पूर्ण मार्ग जोडा.

राहिली टेंडरची बंदरं. जिथे धक्का नाही किंवा लहान आहे, तिथे जहाज समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींनी माणसं नेतात. सँटोरिनीला तसंच. उतरल्यावर वर कड्यावरच्या गावात जायला केबल कार, खेचरं किंवा पाचशेऐंशीच्या वर पायऱ्या. परतताना केबल कारची रांग लांबते, म्हणून या दिवशी माझे दीड तास अडीच झाले. ताई घुमट पाहून खूश होत्या, रांगेत उभं राहूनही.

टेंडरच्या बंदराला दुसरा धोका वाऱ्याचा. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा सुटतो, मेल्तेमी म्हणतात त्याला. लाटा वाढल्या की कप्तान ते बंदर गाळतो, आणि ते बरोबरच असतं. म्हणून अशा ठिकाणी स्वतः गाइड ठरवत असाल तर "जहाज थांबलं नाही तर पैसे परत" हे लेखी घ्या, आणि ज्याला ती जागा सगळ्यात प्रिय आहे त्याला ही शक्यता नागपुरातच सांगून ठेवा.

मी सांगितली नव्हती. पॅटमॉसला सकाळी आठला घोषणा झाली, वारा जास्त आहे, आपण थांबत नाही. शेजारी तयार होऊन, इस्त्रीचा शर्ट घालून नाश्त्याला आले होते. ते काही बोलले नाहीत. डेकवर गेले. बेट दिसत होतं, डोंगरावरचा १०८८ चा मठ किल्ल्यासारखा दिसत होता. ज्या गुहेत योहानाने प्रकटीकरण, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, लिहिलं म्हणतात ती त्याच्या खाली कुठेतरी. त्यांनी खिशातून मराठी बायबल काढलं. प्रकटीकरणाच्या पहिल्याच अध्यायात या बेटाचं नाव आहे. वाऱ्याने पानं फडफडत होती, म्हणून बायकोने एक बाजू धरली, ताईंनी दुसरी, आणि ते वाचत राहिले.