गळाला धार लावताना तेलाची बाटली जवळ हवी

गळ म्हणा की गरी, नव्या गळावर कथलाचा किंवा निकेलचा पातळ मुलामा असतो. कानस फिरली की टोकावरचा मुलामा निघतो आणि पोलाद उघडं पडतं. गंज मग तिथूनच धरतो. म्हणून धार लावणं आणि तेल लावणं ही एकाच बैठकीतली कामं.

आधी तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर तिरपं टेकवून, जोर न देता ओढा. रुतलं तर धार शाबूत आहे, कानशीला हात लावू नका. घसरलं तर बोथट. मामा तलावातला (जुन्या मालगुजारी तलावातला) मुरूम आणि धरणात बुडालेल्या झाडांची खुंटं टोक लवकर मारतात. रोहूचे ओठ मऊ, तिथं थोडा बोथट गळही निभावतो. मरळीच्या हाडाळ जबड्यात मात्र तो शिरतच नाही.

बारीक दातांची छोटी चपटी कानस घ्या. पक्कडीच्या जबड्यात चिंधी घालून गळाचा बाक घट्ट धरा, टोक वर. कानस टोकाकडून उलट्या काट्याच्या दिशेनं, एकाच बाजूनं चालवायची. मागेपुढे घासलं की टोकावर कणी उभी राहते. उजव्या अंगाला चार-पाच हात, डाव्या अंगाला तेवढेच, मग बाहेरच्या पाठीला दोन-तीन. टोक तिधारी झालं पाहिजे. कानस टोकाशी जवळपास समांतर, किंचितच तिरपी ठेवा. फार तिरपी धरली तर टोक आखूड आणि जाड होतं. उलट घासत बसून सुईसारखं बारीक केलं तर पहिल्याच हाडावर वळतं. शेवटी ६०० नंबरच्या पॉलिश पेपरचे दोन हलके हात द्या आणि पुन्हा नखावर पाहा.

ग्राइंडरवर गळ धरू नका. टोक तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. वाकलेला गळ चुलीत लाल करून सरळ करणाऱ्यांचंही तेच होतं: गळ मऊ पडतो आणि मोठा मासा तो उघडून जातो. आठ नंबर किंवा त्याहून बारीक गळाला कानस लावण्यात अर्थ नाही. तो बदलावा.

धार झाली की कोरड्या फडक्यानं लोखंडाचा कीस पुसा, आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन दांडीपासून बाकापर्यंत फिरवा. टोकाला तेल चिंधीनं लावा, बोटानं नाही. घरात जवसाचं तेल असलं तरी ते नको. हवेनं ते घट्ट होऊन चिकट थर बसतो. आमिष लावण्याआधी तेल पुसून घ्यावं.

मासेमारीवरून आल्यावर गळ साध्या पाण्यात धुवा, कारण माशाचा चिकटा आणि गांडुळाची माती ओल धरून ठेवतात. तासभर सावलीत वाळवा, मगच डबी बंद करा. ओल्या गळांची बंद डबी आषाढ-श्रावणात दोन दिवसांत तांबूस होते. औषधाच्या बाटलीतली सिलिका जेलची पुडी डबीत टाकली तर उत्तम. एक गंजका गळ चांगल्या गळांत ठेवू नका.

वरवरचा तांबूसपणा पॉलिश पेपरनं जातो. चिंचेच्या पाण्यात किंवा संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये गळ भिजवू नका. कडक पोलाद आम्लात ठिसूळ होतं आणि झटक्यासरशी मोडतं. गंजानं खड्डे पडले असतील तर तो गळ टाकायचाच. पक्कडीनं टोक तोडून तुकडे झाकणाच्या बाटलीत ठेवा. तलावाच्या पाळीवर गुरं आणि अनवाणी पोरं फिरतात.