गोळ्यांची पिशवी मेडिकलवर घेऊन या

लालबागला माझं मेडिकल आहे. फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभी राहते त्याला २१ वर्षं झाली. शुगर, बीपी, थायरॉईडवाले दर महिन्याला येतात, रिकामी पट्टी दाखवतात, "हीच द्या" म्हणतात आणि निघतात. डॉक्टरांपेक्षा माझी-तुमची गाठ जास्त पडते. तिचा उपयोग करून घ्या.

पुढच्या खेपेला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा. चालू, अर्धवट सोडलेल्या, गावच्या डॉक्टरांनी दिलेल्या, आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. दुपारी या, तेव्हा गर्दी नसते. एका काकूंनी अशीच पिशवी काउंटरवर उपडी केली, तर दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांवर खाली बारीक अक्षरांत एकच औषध निघालं, बीपीचं टेल्मिसार्टन ४०. एक जुन्या डॉक्टरांची, दुसरी हॉस्पिटलातून घरी सोडताना लिहिलेली. दोन्ही रोज घेत होत्या आणि सकाळी उठलं की चक्कर यायची. त्यांच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, एक गोळी बंद झाली. म्हणून सांगते, पट्टीवरचं एक नाव कंपनीने ठेवलेलं असतं, दुसरं आतल्या औषधाचं. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम वहीत उतरवून घ्या.

गुडघे दुखले म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन मागाल, तेव्हा बीपीची गोळी चालू आहे हे आधी सांगा. या गोळ्यांनी बीपी चढतं, किडनीवरही ताण येतो.

थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा निदान अर्ध्या तासाने. कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या चार तासांनी.

एकादशीचा उपवास धरणार असाल आणि शुगरची ग्लिमेपिराइड गोळी चालू असेल, तर आदल्या आठवड्यातच विचारा. डोसचं डॉक्टर ठरवतील. पोट रिकामं आणि गोळी आत, मग शुगर फार उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. तसं झालं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या.

गणपतीला कोकणात जाताना इन्सुलिन बर्फाला चिकटवून नेऊ नका, गोठलं की ते टाकूनच द्यावं लागतं. नवं पेन उघडलं की त्यावर तारीख घाला. किती दिवस चालेल ते खोक्यातल्या कागदावर असतं. वाचता आलं नाही तर खोकं माझ्याकडे आणा.

आणि पट्टीत पाच-सहा गोळ्या उरल्या की या. जुलैत पाणी तुंबलं तर मलाही दुकान उघडता येत नाही.