रेसचं इंजिन रस्त्याच्या गाडीत बसवताय? या चुका टाळा

रेसमधून निघालेलं इंजिन किंवा त्याचे पार्ट हाताला लागले की डोक्यात फक्त हॉर्सपॉवरचा आकडा फिरायला लागतो आणि बाकी सगळं 'नंतर बघू' मध्ये जातं. मग गाडी तयार होते, पहिल्या सिग्नलला बंद पडते, दुसऱ्याला गरम होते, आणि मालक ट्यूनरच्या नावाने खडे फोडत बसतो. ट्यूनर बिचारा काय करणार, घोळ पार्ट निवडतानाच झालेला असतो.

रेसचं इंजिन राहतं आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) सगळ्यात वरच्या दोन-तीन हजारांच्या पट्ट्यात, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि ठरलेल्या तासांनी कोणीतरी ते खोलून बेअरिंग, रिंगा, व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलत असतं. तुमची गाडी बहुतेक वेळ 1000 ते 3500 मध्ये फिरणार, आणि दर महिन्याला इंजिन खोलायची हौस कोणालाच नसते. कंपन्यांना हे कळत होतं बरं का. क्रायस्लरचं 426 हेमी 1964 ला रेसमध्ये उतरलं, त्याच वर्षी डेटोना 500 जिंकलं, पण 1966 ला ते रस्त्यावरच्या गाड्यांत द्यायचं ठरलं तेव्हा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) 12.5 वरून 10.25 वर आणलं, कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, मवाळ केला, इनटेक बदललं. ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनाच हे करावं लागलं, आणि आपण रेसचा कॅम तसाच ठेवून वर पॉवर ब्रेकपण मागतो.

सगळ्यात जास्त गोंधळ कॅमचाच. लांब ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ) म्हणजे जास्त ओव्हरलॅप, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे, वरच्या आरपीएमला याचा फायदा होतो पण आयडलला, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिन नुसतं चालू असताना, जळालेला गॅस उलटा इनटेकमध्ये शिरतो आणि व्हॅक्यूम पडतो. साध्या इंजिनात आयडलला 17-20 इंच व्हॅक्यूम दिसतो, मोठ्या कॅमवर 8-10 वर येतो, आणि मग एकाच कारणाची चार वेगवेगळी दुखणी सुरू होतात. पॉवर ब्रेक याच व्हॅक्यूमवर चालतो. ब्रेक पेडल कडक लागतंय आणि गाडी थांबायला पायाचा जोर लागतोय? लगेच मास्टर सिलिंडर बदलू नका, आधी व्हॅक्यूम गेज लावा. व्हॅक्यूम खरंच कमी असेल तर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लावा नाहीतर पॉवर स्टीअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रॉलिक बूस्टर, पण ते ब्रेकचं काम आहे तेव्हा जुगाड नको.

इंजेक्शन असेल तर आणखी एक मजा. ओव्हरलॅपमुळे आयडलला मिश्रण नीट जळत नाही, न जळालेली हवा एक्झॉस्टमध्ये जाते, ऑक्सिजन सेन्सर म्हणतो मिश्रण पातळ आहे, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा आणखी पेट्रोल ओततो, प्लग काळे पडतात, डोळे चुरचुरतात आणि लॅपटॉपवर मात्र सगळं बरोबर दिसतं. अशा कॅमवर आयडलला क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल आपोआप बदलणं) बंद ठेवा आणि पेट्रोल किती द्यायचं ते प्लगचा रंग आणि आयडलचा आवाज बघून ठरवा. मॅप सेन्सरचं (इनटेकमधला दाब मोजणारा) रीडिंग नाचत असेल तर खालच्या आरपीएमला पेट्रोलचं कोष्टक थ्रॉटल किती उघडा आहे त्यावर बसवा.

कार्ब (कार्ब्युरेटर) असेल तर वेगळी तक्रार येते, आयडल मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, काही फरकच पडत नाही. इथे लोक जेट बदलत बसतात. कार्ब काढून उलटा धरा आणि खालून बघा, इंजिन चालू राहावं म्हणून आयडल स्पीडचा स्क्रू इतका आत घेतलेला असतो की बटरफ्लाय (हवेची झडप) उघडून ट्रान्सफर स्लॉट, म्हणजे तिच्या कडेची पेट्रोलची खाच, पूर्ण उघडा पडलेला असतो, पेट्रोल तिथूनच येतंय, स्क्रूला विचारतो कोण. उपाय कार्बच्या बाहेर आहे. मोठ्या कॅमला आयडलला जास्त टायमिंग (ठिणगी किती आधी पडते ते) लागतं, अमेरिकन व्ही-8 सारख्या इंजिनात इनिशियल (आयडलचं मूळ टायमिंग) 14 ते 18 डिग्रीपर्यंत न्या, आरपीएम आपोआप वर येतो, मग बटरफ्लाय बंद करता येतात आणि स्क्रू परत ऐकायला लागतात. एकूण टायमिंग मात्र तपासा, इनिशियल वाढवलं की तेही तेवढंच वाढतं, डिस्ट्रिब्यूटरमधला ॲडव्हान्स कमी करावा लागतो. होली कंपनीच्या कार्बसारख्यांत पॉवर व्हॉल्व्हपण बघा, व्हॅक्यूम ठरलेल्या आकड्याखाली गेला की तो जादा पेट्रोल सोडतो, 6.5 चा व्हॉल्व्ह आणि आयडलला 6 इंच व्हॅक्यूम म्हणजे तो कायम उघडाच. आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्याचा घ्या.

आता कॉम्प्रेशन. 12.5 चं इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर नॉक करणार (मिश्रण अवेळी पेटून खडखडणार) हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक अर्धवट शहाणपणा करतात, पिस्टन तेच ठेवतात आणि कॅम तेवढा लहान घालतात. हे तर आणखी वाईट. मोठा कॅम इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतो, पिस्टन वर येताना थोडी हवा परत बाहेर जाते, म्हणून खालच्या आरपीएमला प्रत्यक्ष दाब कमी असतो. लहान कॅम घातलात की व्हॉल्व्ह लवकर बंद, सगळी हवा आत, आणि आधी जे कसंबसं निभत होतं ते आता प्रत्येक चढावर खडखडतं. कॅम आणि पिस्टन एकत्रच ठरवायचे. दुसरा शॉर्टकट म्हणजे जाड हेड गॅस्केट. कॉम्प्रेशन थोडं उतरतं खरं, पण पिस्टन आणि हेडमधली साधारण 1 मिमीची फट वाढते, त्या फटीतून मिश्रण दाबून ढवळलं जायचं ते थांबतं आणि नॉकिंगची खोड तशीच राहते. योग्य डिशचे (वर खोलगट खळगा असलेले) पिस्टन घ्या, खर्च तिथे करा. नुसतं टायमिंग मागे घेऊन चालवायचं म्हणाल तर पॉवर जाते आणि एक्झॉस्ट तापतो.

आणि कॅम किंवा पिस्टन, काहीही बदललं तरी पिस्टन-टू-व्हॉल्व्ह अंतर मोजाच. पिस्टनवर मॉडेलिंग क्ले लावा, हेड बसवा, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा, हेड काढून क्ले ब्लेडने कापा आणि सर्वात पातळ जागा मोजा. इनटेकला 2 मिमी, एक्झॉस्टला 2.5 मिमी हा नेहमीचा सुरक्षित आकडा. कॅमसोबत आलेलं आकड्यांचं कार्ड मोजमापाच्या जागी धरू नका, क्रँकवर डिग्री व्हील (अंशांची चकती) लावा.

थंड असताना टकटक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो, ही तक्रार असेल तर बहुतेक 2618 मिश्रधातूचे फोर्ज्ड पिस्टन आहेत. त्यात सिलिकॉन जवळजवळ नसतं, ते जास्त फुगतात म्हणून क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो. घाबरू नका, फक्त गरम व्हायच्या आधी जोरात रेस देऊ नका. टर्बो नसेल तर रस्त्यासाठी 4032 बरा, त्यात 12 टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन असतं, क्लिअरन्स कमी चालतो. ॲल्युमिनियमचे कनेक्टिंग रॉड मात्र बिनदिक्कत काढून टाका, ते ड्रॅग रेसचं (सरळ रेषेतली छोटी शर्यत) काम, रस्त्यावरच्या लाखो फेऱ्यांत थकून तुटतात.

सॉलिड रोलर लिफ्टरबद्दल (कॅमवर चाकाने फिरून व्हॉल्व्ह ढकलणारे पार्ट) थोडं. त्यांच्या सुई-बेअरिंगला क्रँकवरून उडालेलं ऑइल मिळतं, आणि आयडलला फार उडतच नाही. ट्रॅफिकमध्ये तासभर उभं राहणं त्यांना लाल रेषेपेक्षा जड जातं. व्हॉल्व्ह लॅश (व्हॉल्व्हवरची मोकळी फट) नियमित मोजा, एकाच व्हॉल्व्हचा अचानक वाढलेला दिसला तर तो परत सेट करून पुढे जाऊ नका, लिफ्टर काढून बघा. शक्यतो प्रेशरने ऑइल मिळणारे किंवा सुई-बेअरिंगऐवजी बुशवाले घ्या.

गरम होण्याचं निदान तसं सोपं आहे. उभी असताना गरम आणि चालताना ठीक, तर फॅन आणि श्राउड (फॅनभोवतीचं कव्हर) बघा. हायवेवर गरम होते तर रेडिएटर लहान आहे किंवा खालचा होज आत ओढला जातोय. थर्मोस्टॅट काढलेला असेल तर परत लावा. ड्रॅगच्या ब्लॉकमध्ये पाण्याच्या वाटा पक्क्या फिलरने भरलेल्या असतात, तसा ब्लॉक रस्त्यासाठी घेऊच नका, नंतर काहीही करता येत नाही.

उलट ऑइल मात्र पुरेसं तापायला हवं. थर्मोस्टॅट नसलेला मोठा ऑइल कूलर लावला की ऑइल 100 डिग्रीच्या जवळ जातच नाही, पाणी आणि पेट्रोल त्यातच राहतं आणि फिलर कॅपखाली पांढरट साय दिसते. हेड गॅस्केट गेली असं समजून हेड उतरवायच्या आधी कूलंट कमी होतंय का बघा आणि लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करा. कूलंट जागच्या जागी आणि टेस्ट चांगली, तर कूलरला थर्मोस्टॅट लावा, ऑइल बदला आणि एकदा गाडी लांब फिरवून आणा.