अकरा सरांच्या, बाकीच्या तुमच्या: मुलींच्या फुटबॉल संघाची सहायक कोच व्हायचं असेल तर

पहिल्या दिवशी आमच्या हेड कोच सरांनी नागपुरात रविनगरच्या मैदानाच्या कडेला उभं करून मला सांगितलं, "मॅडम, खेळणाऱ्या अकरा माझ्या. बाकीच्या तुमच्या." तेव्हा राग आला होता. आता सात वर्षं झाली, अन् कोणी या कामाबद्दल विचारलं की मी आधी हेच वाक्य सांगते. बाकीच्या म्हणजे बाकावर बसलेल्या, गुडघा धरून बसलेल्या आणि आज मैदानावर आल्याच नाहीत त्या.

कागदांचं थोडक्यात सांगते. बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, असेल तर उत्तम. माझं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात झालं. त्यापुढची एम.पी.एड. आणि नेट-सेट या पात्रता परीक्षा हा कॉलेजातल्या क्रीडा संचालकाच्या कायम जागेचा रस्ता, तो वेगळा. कोचिंगसाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचं डी लायसन्स काढा, मग सी, बी, ए. तिथे तुम्हाला किती भारी ड्रिबलिंग येतं हे कोणी विचारत नाही. तुम्ही एक सत्र कसं घेता ते बघतात. म्हणून आधी महिनाभर लहान पोरांना शिकवा. कामठीत फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची वाण नाही.

शिरायचा दरवाजा मात्र लायसन्सचा नसतो. मुलींचा संघ बाहेरगावी खेळायला निघाला की सोबत बाई लागते, अन् कॉलेजला तेव्हाच तुमची आठवण होते. त्या जागेला 'लेडी मॅनेजर' म्हणतात. तिकिटं, खोल्या, जेवणाची कुपनं, बस्स. नाक मुरडू नका, जा. पण वही घेऊन जा. मी पहिल्या दौऱ्यात प्रत्येक सामन्यात आपला चेंडू कुठे हरवतो एवढंच लिहीत होते. तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतराला सरांना म्हटलं, "सर, डावीकडून आठदा गेला." त्यांनी वही मागून घेतली. पुढच्या मोसमात मी ट्रॅकसूट घालून त्यांच्या शेजारी उभी होते. मतभेद असला तरी तो मध्यंतरात, हळू आवाजात सांगायचा. कडेवरून दोघांनी ओरडलं की पोरी कोणाचंच ऐकत नाहीत.

आता न आलेल्यांचं. या कामाचा निम्मा भाग फोनवर होतो. एका वर्षी आमची चांगली स्टॉपर, म्हणजे बचावात मधोमध खेळणारी पोरगी, अचानक यायची बंद झाली. मैत्रिणी म्हणे, "तिची आई नाही पाठवत जी." मी रविवारी हिंगण्याला तिच्या घरी गेले, चहा घेतला, फुटबॉलचं नावही काढलं नाही. आईला एकच गोष्ट हवी होती: पोरगी घरी किती वाजता येणार, अन् उशीर झाला तर कोणाला विचारायचं. वेळ अन् माझा नंबर कागदावर लिहून दिला. दुसऱ्या दिवशी पोरगी सहाला मैदानात. तेव्हापासून मोसमाच्या सुरुवातीलाच असे कागद घरोघरी देते. सराव सुटायची वेळ मग सरांनाही पाळावी लागते, ते कुरकुरतात, कुरकुरू द्या. हिवाळी परीक्षेचं वेळापत्रक आलं की तेही आपल्या वहीत उतरवून घ्या, नाहीतर ऐन निवडीच्या दिवशी दोघी पेपरला बसलेल्या सापडतात.

गुडघ्यांवर मात्र मी हट्टी आहे. मुलींमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं जोडून ठेवणारा तिरपा अस्थिबंध, तुटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, अन् बहुतेक वेळा कोणी धडकलेलंही नसतं. वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत वळतो. त्यात आपली काळी माती. पावसात पायाला चिकटते, उन्हाळ्यात दगडासारखी होऊन भेगा पडतात. म्हणून वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन चकरा, हे बंद करा. फिफाचा इलेव्हन प्लस नावाचा वीस मिनिटांचा क्रम आहे: आधी सावकाश धावणं, मग ताकद, तोल आणि उड्या, शेवटी वेगात धावणं. आठवड्यातून किमान दोनदा. उडी मारून उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, हे तुम्ही समोर उभं राहून बघायचं. पोरी कंटाळतात, "मॅडम, बॉल कधी देता?" म्हणतात. देऊ नका. एकीचा गुडघा गेल्यावर तिच्यासोबत एक्स-रेच्या रांगेत बसले आहे मी, त्यानंतर या बाबतीत कोणाचं ऐकत नाही.

पिशवीत पट्ट्या, बर्फ, ओआरएस आणि सॅनिटरी पॅड. पॅड आहेत हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना मोठ्याने सांगा, म्हणजे कोणाला 'पोट दुखतं' असं सरांना सांगत बसावं लागत नाही. एप्रिलपासून सराव सकाळी सहालाच, आठनंतर नागपूरच्या उन्हात कोणालाही पळवू नका. आणि चेंडूत हवा भरताना सुई ओली करून घाला. कोरडी घातली की वॉल्व्ह फाटतो, अन् नवीन चेंडूची मंजुरी यायला मोसम संपतो.

पैसे मानधनाचे, फार नाहीत; घरची शिकवणी किंवा दुसरी नोकरी सुटू देऊ नका. पण नियुक्तीचं पत्र कामाला लागण्याआधी घ्या. मी एका कॉलेजात अख्खा मोसम तोंडी शब्दावर काढला, शेवटी अनुभवाचा दाखला मागितला तर रेकॉर्डला नावच नाही. पुढच्या ठिकाणी पत्र मिळालं, त्यावर 'मदतनीस' लिहिलेलं. परत दिलं. क्लार्कबाई म्हणाल्या, "काय फरक पडतो मॅडम?" मी खुर्ची ओढून तिथेच बसले, अन् 'सहायक प्रशिक्षक' टाईप होऊन शिक्का बसल्यावरच उठले.