मोठी गाडी, पहिला बर्फ: ठाण्याहून कॅनडाला निघालेल्यांसाठी

गणपतीला ठाण्यात आलो की मला हमखास दोन-तीन कॅनडाला निघालेले भेटतात. पूर्वी प्रश्न असायचे कुकर न्यावा का, गोडा मसाला मिळतो का असे. यंदा कासारवडवलीला भाचीकडे आरती आटोपली, हातात प्रसाद आला आणि भाचेजावयांनी फोनवर एका मोठ्या एसयूव्हीचा फोटो पुढे केला. "मामा, तुम्ही ही बघाच. तिकडे पोचल्यावर हीच घ्यायची ठरलीय. एकवीस इंची अलॉय आहेत!" अलॉय म्हणजे चाकाचे धातूचे रिम, ज्यांवर टायर चढतो. टायर कुठले, असं विचारलं तर म्हणाले, "नवे कोरे आहेत. शिवाय ऑल व्हील ड्राइव्ह, मग बर्फाचं काय टेन्शन?"

सतरा वर्षांपूर्वी मी नौपाड्यातून निघालो आणि मॉन्ट्रियलजवळ लावालला स्थिरावलो. पहिली मोठी गाडी घेतली तेव्हा माझंही वाक्य हेच होतं, शब्द न् शब्द. ते मला केवढ्याला पडलं ते पुढे येईलच.

आधी कायदा. क्वीबेकमध्ये, म्हणजे आमच्या प्रांतात, १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. नसले तर २०० ते ३०० डॉलर दंड. टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह लागतं. नुसतं 'एम + एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. ऑन्टारियोत सक्ती नाही, पण तिथल्या विमा कंपन्यांना २०१६ पासून हिवाळी टायरवर सवलत द्यावीच लागते, तेव्हा टायर बसवल्यावर विमावाल्याला कळवायला विसरू नका. ब्रिटिश कोलंबियात डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबरपासूनच नियम लागू होतो.

आता ऑल व्हील ड्राइव्ह. चारही चाकांना जोर मिळतो, म्हणजे गाडी बर्फातून निघते झकास. थांबायची वेळ आली की ब्रेक सगळ्या गाड्यांना चारही चाकांनाच असतात. तिथे तुम्हाला जास्तीचं काही मिळालेलं नसतं. उलट सव्वादोन टनांचं धूड घसरत जातं ते वेगळंच. धरून ठेवतं ते रबर. साधारण ७ अंशांखाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं. आपल्याकडे जुनी, कडक झालेली रबरी चप्पल ओल्या फरशीवर कशी सटकते, तसंच. हिवाळी टायरचं रबर उणे वीसलाही मऊ राहतं आणि त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. 'ऑल-सीझन' नावाला भुलू नका, त्या सीझनांत आमचा जानेवारी धरलेला नाही. 'ऑल-वेदर' म्हणून वेगळा प्रकार येतो, त्यावर डोंगराचं चिन्ह असतं. व्हँकूवरसारख्या ठिकाणी तो चालून जातो, लावालला मी घेणार नाही.

आणि टायर बदलायचे ते चारही. पुढचे दोनच बदलून पैसे वाचवू म्हणाल तर मागची बाजू वळणावर पुढे यायला बघते, आणि चाकांच्या घेरात फरक राहिला तर ऑल व्हील ड्राइव्हच्या यंत्रणेवर ताण येतो. तिची दुरुस्ती टायरांपेक्षा महाग पडते.

खरी गोष्ट मापाची. जावईबापूंना पटेना, म्हणून मी त्यांना खाली स्टिल्ट पार्किंगमध्ये घेऊन गेलो. शेजाऱ्यांची तशीच मोठी एसयूव्ही उभी होती. मोबाइलचा टॉर्च लावून उकिडवे बसलो. वॉचमन धावत आला, "साहेब, काही पडलं का?" टायरवर लिहिलं होतं २७५/४० आर २१. वर्गणीच्या पावतीमागे हिशेब मांडला. २७५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ११० मिलिमीटर. २१ हा रिमचा व्यास, इंचात, म्हणजे ५३३.४ मिलिमीटर. त्यात वरखाली दोन भिंती मिळवल्या की पूर्ण चाक ७५३.४.

आता २७५/४५ आर २०. भिंत जवळपास १२४, पूर्ण चाक ७५५.५. दोन मिलिमीटरचा फरक. २६५/५० आर १९ घेतला तर भिंत १३२.५ आणि चाक ७४७.६. जावई पावतीकडे बघत म्हणाले, "म्हणजे रिम दोन इंच लहान, पण गाडी बुटकी होत नाही?" होत नाही. रिम कमी होतो तेवढं रबर वाढतं. मूळ चाकाच्या मानाने फरक एक टक्काही नाही, त्यामुळे स्पीडोमीटरही जवळपास खरंच बोलतो. तीन टक्क्यांपलीकडे मात्र जायचं नाही.

हे रबर हवं कशाला ते मला फुकट कळलेलं नाही. मी एकवीस इंचांवरच हिवाळी टायर चढवले होते, कारण गाडी दिसायला हवी ना. मार्च महिना, बर्फ वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि रस्ता फोडतो. वितळलेल्या पाण्याने भरलेला एक खड्डा दिसलाच नाही. एवढा मोठा आवाज आला की बायको म्हणाली, कुणीतरी मागून ठोकलं. रिम वाकला होता आणि टायरची कूस फाटली होती. ११० मिलिमीटरची भिंत दबून दबून दबणार किती? टो ट्रकवाला दोन तासांनी आला. तिकडे फ्रेंचमध्ये खड्ड्याला 'नी-द-पूल' म्हणतात, म्हणजे कोंबडीचं घरटं. घोडबंदर रोडवर पावसाळे काढलेल्या माणसाची गाडी कोंबडीच्या घरट्यात अडकावी! नवा रिम आला त्या पैशात १९ इंची टायरांचा अख्खा सेट आला असता.

तेव्हा नियम माझा असा: गाडीला चालणारं सगळ्यात लहान माप हिवाळ्यासाठी. चालणारं म्हणजे कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेलं. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवरही गाडीच्या मूळ टायरांचं माप आणि हवेचा दाब असतो. मोठ्या ब्रेकच्या गाड्यांत लहान रिम कॅलिपरला, म्हणजे ब्रेकच्या चिमट्याला, घासतो, म्हणून मनाने १८ इंच घ्यायचं नाही. अरुंद टायर ताज्या बर्फात खाली दबून पकडतो, रुंद टायर त्यावर तरंगतो. तुमच्या गाडीला पुढे एक आणि मागे जास्त रुंद अशी जोडी असेल तर हिवाळ्यासाठी चारही सारखे चालतात का ते विचारा. चालत असतील तर तेच घ्या.

रिमसकट दुसरा सेट घ्यावा. दर सहा महिन्यांनी त्याच रिमवरून टायर काढून-घालून मजुरी जाते आणि टायरच्या कडाही खराब होतात. शिवाय तिकडे रस्त्यावर मीठ टाकतात, ते चकचकीत अलॉयला खातं. पण रिम जुने घेणार असाल तर जपून. आमच्या ओळखीच्या एकाने जुन्या बीएमडब्ल्यू एक्स-फाइव्हचे चार रिम हौसेने घेतले, घरी नवी एक्स-फाइव्ह. रिम गाडीला धरणारे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास जुन्याचा १२० मिलिमीटर, नवीचा ११२. चारही रिम अजून त्याच्या गॅरेजमध्ये आहेत, एकावर कुंडी ठेवलीय. वोल्वोच्या एक्ससी-नाइंटीचं वर्तुळ १०८. आउडी आणि बीएमडब्ल्यू दोन्हींचं ११२ असलं तरी आउडीच्या बोल्टचं बूड गोल, बीएमडब्ल्यूचं निमुळतं; बोल्ट अदलाबदल करायचे नाहीत. मधल्या भोकाचं माप आणि ऑफसेटही, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसतो तेही, जुळायला हवं. हवेच्या दाबाचे सेन्सर नव्या सेटमध्ये बसवून घ्या, नाहीतर हिवाळाभर डॅशबोर्डवर दिवा जळत राहील.

टायरच्या मापापुढे आणखी एक आकडा असतो, वजनाचा. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो. मूळ टायरपेक्षा हा आकडा कमी नको. त्यापुढचं कमाल वेगाचं अक्षर मात्र हिवाळी टायरला खालचं चालतं. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटर, बर्फात तेवढं पळवून जाणार कुठे?

कंपन्यांवरून आमच्या मंडळात दिवाळी फराळाला जुंपते. मिशलिन, ब्रिजस्टोन, नोकियन, तिन्हींपैकी जो मिळेल तो घ्या. मी स्वतः नोकियनवाला. १९३४ साली पहिला हिवाळी टायर काढला तो या फिनलंडच्या कंपनीने, ट्रकसाठी. घेताना टायरच्या बाजूवरच्या 'डीओटी' क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख: ४२२३ म्हणजे २०२३ चा ४२वा आठवडा. जुन्या टायरची नक्षी ४ मिलिमीटरवर आली की तो हिवाळ्यासाठी संपला, कायदा १.६ पर्यंत चालवू देत असला तरी.

थंडीत हवा आपोआप कमी होते, दर पाच-सहा अंशांना साधारण एक पीएसआय. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत पुरत नाही. सकाळी गाडी न चालवता, टायर थंड असताना तपासा. चाकं बदलून शंभरेक किलोमीटर झाले की नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळून घ्या. गॅरेजवाले सांगतात, आपण 'हो हो' म्हणतो आणि जात नाही.

आणि तारीख. टायरवाल्याची वेळ ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवा. पहिला बर्फ पडल्यावर फोन कराल तर तीन आठवड्यांनंतरची मिळेल. फ्लॅटमध्ये दुसरा सेट ठेवायला जागा नसते, तेव्हा बरेच टायरवाले भाड्याने ठेवून घेतात, त्यांचं आधी विचारून ठेवा. भाचीला मी म्हटलं, बाल्कनीत ठेवू. ती म्हणाली, "मामा, तू ठेव तुझ्या बाल्कनीत, माझ्या तुळशीला जागा लागते." १५ मार्चला सक्ती संपली म्हणून १६ तारखेला टायर उतरवू नका. आमच्याकडे एप्रिलमध्येही एखादा दिवस फावडं हातात घ्यावं लागतं.