क्लासमधलं व्हेरिएबल कोणी वाचायचं, कोणी बदलायचं?

प्रत्येक व्हेरिएबलबाबत दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: बाहेरच्या कोडला ते वाचायची गरज आहे का? आणि बदलायची? बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'नाही' असतं. पब्लिक व्हेरिएबल दोन्ही परवानग्या एकदम देऊन टाकतं.

'खाते' क्लासमधली 'शिल्लक' घ्या. जावामध्ये ती प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आतच वापरता येणारी) करा, वाचायला गेटर (किंमत परत देणारी मेथड) द्या, सेटर (किंमत बदलणारी मेथड) देऊच नका. शिल्लक बदलेल ती 'जमा' आणि 'काढ' या मेथडमधूनच. रक्कम शून्य किंवा ऋण आली तर तिथेच एक्सेप्शन फेका. आयडीई (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) क्लासमधल्या सगळ्या व्हेरिएबलचे सेटर आयते बनवून देते, पण गरज नसलेले काढून टाका. काहीच न तपासणारा सेटर पब्लिक व्हेरिएबलइतकाच मोकळा असतो. सी शार्पमध्ये प्रॉपर्टी (व्हेरिएबलसारखी वापरता येणारी गेटर-सेटरची जोडी) पब्लिक ठेवून तिचा सेट तेवढा प्रायव्हेट करता येतो.

पायथनमध्ये भाषा कोणाला अडवत नाही. नावाआधीचा एक अंडरस्कोर हा फक्त संकेत. दोन अंडरस्कोर दिले की नावाला क्लासचं नाव जोडलं जातं, पण ते सबक्लासमध्ये नावं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून. त्याला कुलूप समजू नका. फक्त वाचण्यापुरतं व्हेरिएबल हवं तर मेथडवर प्रॉपर्टी डेकोरेटर (ती व्हेरिएबलसारखी वाचू देणारी खूण) लावा आणि सेटर लिहू नका. मग बाहेरून किंमत द्यायला गेलं की ॲट्रिब्यूट एरर येते. सेटर लिहिलाच, तर किंमत अंडरस्कोरवाल्या नावात ठेवा. प्रॉपर्टीच्याच नावात ठेवली तर सेटर स्वतःलाच बोलावत राहतो आणि शेवटी रिकर्शन एरर येते.

सगळ्यात जास्त चुका याद्यांमध्ये होतात. व्यवहारांची यादी गेटरमधून जशीच्या तशी परत दिली, तर सेटर नसतानाही बाहेरचा कोड तिच्यात भर घालू शकतो. जावातलं फायनलही इथे उपयोगाचं नाही: ते व्हेरिएबलला दुसरी यादी जोडू देत नाही, त्याच यादीतला मजकूर मात्र बदलू देतं. म्हणून प्रत द्या. जावा १० पासून लिस्टच्या 'कॉपी ऑफ' मेथडने न बदलणारी प्रत मिळते, पायथनमध्ये टपल (न बदलणारी यादी) द्या. यादीतले ऑब्जेक्ट स्वतः बदलण्याजोगे असतील तर एवढंही पुरत नाही, त्यांच्याही प्रती लागतात. कन्स्ट्रक्टरमध्ये बाहेरून यादी घेताना हीच काळजी घ्या.

आता सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामायिक असलेलं व्हेरिएबल, उदाहरणार्थ एकूण खात्यांची संख्या. जावामध्ये प्रायव्हेट स्टॅटिक आणि स्टॅटिक गेटर. अनेक थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) असतील तर साधं प्लस प्लस चालत नाही: वाचणं, वाढवणं, लिहिणं या तीन क्रियांच्या मध्ये दुसरा थ्रेड घुसतो आणि मोजणी चुकते. या तिन्ही क्रिया एकसंध करणारा ॲटॉमिक इंटिजर वापरा. पायथनमध्ये सेल्फवरून (म्हणजे चालू ऑब्जेक्टवरून) संख्या वाढवली तर त्या ऑब्जेक्टपुरतं नवं व्हेरिएबल तयार होतं आणि क्लासमधला आकडा तसाच राहतो. लिहिताना क्लासचंच नाव घ्या. इथे नेहमीची प्रॉपर्टी संरक्षण देत नाही. क्लासच्या नावावरून किंमत दिली की ती प्रॉपर्टीच पुसली जाते. क्लासच्या पातळीवर लिहिणं खरोखर रोखायचं असेल तर प्रॉपर्टी मेटाक्लासमध्ये (क्लास ज्यापासून बनतो त्या क्लासमध्ये) लिहावी लागते.